सासूच्या मांडीवरचं लग्न

“अरकाटी, आ गया तुम्हारा हैबत्या.”

कप्तान इलकाकाने डोळ्याची दुर्बीण काढली आणि माझ्या हातात दिली. आवाजात ना घाई ना घाबरगुंडी. दारात पाव्हणा आला की घरधनी आत वर्दी देतो, तसं त्याने सांगितलं. मी दुर्बीण घेतली, पण डोळ्याला लावायला हात धजेना. कारण हैबत्या येणं शक्यच नव्हतं. हैबत्या नावाचा चाचा पोफळणच्या खाडीतच काय, साती समुद्रांत कुठे नव्हता. त्याला मी माझ्या तोंडाने जन्माला घातला होता.

शेवटी पाहिलंच.

खाडीच्या वरच्या अंगाने, ओहोटीच्या पाण्याबरोबर एक मोठा पडाव येत होता. डोलकाठीला आंब्याचे टाळे बांधलेले. पंचवीस-तीस माणसं, निम्म्यांच्या हातात बंदुका, आणि त्या बंदुकांचे बार आभाळात सुटत होते. ढोल बडवला जात होता. पडावाच्या पुढच्या टोकावर एक पाय ठेवून एक आडदांड माणूस उभा होता. तांबडं मुंडासं, फाटका डावा कान, कपाळावर खोक, आणि मिशा अशा की दोन्ही टोकांवर लिंबू ठेवावं. हुबेहूब हैबत्या.

तो माझा होणारा सासरा होता. आणि त्याच्या मागे छत्रीखाली, हिरवं लुगडं नेसून, मुंडावळ्या बांधून बसली होती ती माझी आवडी.

“तोपें भरी हैं,” इलकाका म्हणाला. “जहाज घुमाओ, अरकाटी.”

हे असं का झालं ते सांगायला सव्वा वर्ष मागे जावं लागेल. मी धाकजी मयेकर, जातीचा भंडारी, धंद्याने अरकाटी. म्हणजे खाडीच्या तोंडातून जहाजं आत-बाहेर नेणारा वाटाड्या. त्या काळी कोकणात टोपीकरांचं बस्तान पुरतं बसलं नव्हतं, पण त्यांचा व्यापार मात्र भलताच फोफावला होता. पोफळण बंदरातून मिरी, सुपारी आणि कापडाचे गठ्ठे मस्कतेला जायचे. त्या मालाची चाच्यांपासून राखण करायला त्यांनी खाडीच्या तोंडाशी एक लढाऊ जहाज ठेवलं होतं. बारा तोफा, चाळीस माणसं. जहाजाचं नाव इतकं लांब होतं की ते घेईपर्यंत भरती संपायची. बारा महिने चिखलाच्या पाण्यात डुंबायचं म्हणून गावाने त्याचं नाव ठेवलं म्हैस. कप्तानाचं नाव विल्कॉक. आमच्या जिभेवर त्याचा इलकाका झाला. साहेबाला काका म्हणता येतं हे कळल्यावर गावाला फार आनंद झाला होता.

तोफखान्यावर पास्कोल होता, आमच्याच बाजूचा किरिस्तांव. त्याला मी एकदा विचारलं, “राखणदार कोण नि चाचो कोण, ह्या दर्यात वळखायचा कसा?”

“सोपा आसा,” पास्कोल म्हणाला. “जेच्याकडे तोफा जास्ती तो राखणदार.”

अशा ह्या म्हशीवर मी अंगठा लावून नोकरीला लागलो होतो. कागदात एक कलम होतं, जहाज जाईल तिथे अरकाटी जाईल. मला पोफळणच्या खाडीतला चिखल न् चिखल ठाऊक, पण खाडीबाहेर गेलो की माझ्यात आणि ओझ्यात फरक नव्हता. तेव्हा त्या कलमाची मला फिकीर नव्हती.

फिकीर सुरू झाली ती दिवाळीनंतर. आठच दिवसांपूर्वी माझी सुपारी फुटली होती. वरच्या अंगाला कातळी गाव, तिथल्या रायाजी तांडेलाची मुलगी आवडी. रायाजीने भर बैठकीत मला बजावलं होतं, “फाल्गुनात लगीन. तू जहाजावरचो माणूस. उद्या खंय लांब गेलस तर माजा चेडू वाट बघीत रवाचा नाय. आदीच सांगान ठेवतंय.” त्याने नुसतं सांगितलं तरी दम दिल्यासारखं वाटे. कान मोरीमाशाने फाडला असं तो म्हणायचा. बोकडाने चावला असं त्याची बायको म्हणायची.

आणि आठ दिवसांत वरून हुकूम आला. किनाऱ्यावर वर्षभर एकही चाचा दिसला नाही, तेव्हा जहाज बसऱ्याकडे आखातात पाठवा, तीन वर्षांसाठी.

इलकाकाने मला खोलीत बोलावलं. त्याचा चेहरा उतरलेला होता, पण तेव्हा माझं लक्ष माझ्याच लग्नाकडे होतं. “अरकाटी, इधर कोई चाचा नहीं?”

तीन वर्षं. आवडी दुसऱ्याच्या घरात. “है ना, साहेब. बडा चाचा है.”

“नाम?”

“हैबत्या.”

“कैसा दिखता है?”

आता आली का पंचाईत. भयंकर माणूस डोळ्यासमोर आणायचा म्हटल्यावर मला एकच माणूस सुचला. तांबडं मुंडासं म्हणालो, फाटका कान म्हणालो, खोक, मिशा, सगळं सांगितलं. इलकाकाचा हात चांगला होता. त्याने कोळशाने चित्र काढलं आणि खोलीच्या भिंतीला लावलं. बघून मी मनातल्या मनात त्या चित्राच्या पाया पडलो. हुकूम फिरला. म्हैस राहिली.

फाल्गुनात लग्न झालं असतं तर हैबत्याला मी चैत्रात मारून टाकला असता. पण माघात रायाजीची म्हातारी आई गेली. घरात वर्षभर शुभकार्य नाही. म्हातारी मेली आणि हैबत्याचं आयुष्य वर्षाने वाढलं. मग त्याला जगवणं आलं. कुठे जुनी होडी जळली की हैबत्याने जाळली. कोणाचं जाळं फाटलं की हैबत्याने फाडलं. बंदरातले भाटिये व्यापारी तर माझ्याहून हुशार निघाले. पोत्यातली मिरी उंदरांनी खाल्ली तरी ते हैबत्याच्या नावाने बोटं मोडू लागले. दोन-चार बायका त्याला नवससुद्धा बोलल्या म्हणतात.

वर्ष संपलं. पुन्हा तोच हुकूम आला, पुन्हा मी हैबत्या उठवला. “पूनम को आयेगा, साहेब. पक्की खबर है.” आणि लग्नाची तिथी निघाली नेमकी पौर्णिमेची.

मी सुट्टी मागायला गेलो. “चार दिन, साहेब. शादी है.”

“किसकी?”

“मेरी.”

इलकाकाने भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “पूनम को तो हैबत्या आयेगा. तुमने बोला. अरकाटी शादी में, तो जहाज कौन चलायेगा?”

स्वतःच्या हाताने खणलेला खड्डा इतका मापात बसलेला मी पाहिला नव्हता. मी पास्कोलच्या पाया पडलो. कातळीला जा, रायाजीला सांग, तिथी पुढे ढकल. तो संध्याकाळी परत आला.

“रायाजी काय म्हणालो?”

“कायच नाय. सुरे धारेक लावी होतो.”

मग मला झोप कुठली.

तर पौर्णिमेची सकाळ, ओहोटी लागलेली, माझ्या हातात सुकाणू, आणि समोरून माझं वऱ्हाड बंदुका उडवत येतंय. मला वाटलं, रायाजी चिडून आलाय. नवरा येत नाही तर नवरीच घेऊन त्याच्या छातीवर नाचू, असा त्याचा स्वभाव होता. आता खरं सांगावं का? साहेब, तो चाचा नाही, माझा सासरा आहे. हैबत्या खोटा, वर्षभर मी तुम्हाला फसवलं. मला डोलकाठीला टांगलं असतं ते वेगळं, पण टांगण्याआधी त्याने माझ्यावर विश्वास तरी का ठेवावा? समोर चित्रातला माणूस जिताजागता उभा होता.

“घुमाओ,” इलकाका म्हणाला.

नांगर उचलला. तोफा जहाजाच्या कुशीत असतात, तेव्हा मारा करायचा तर जहाज आडवं करावं लागतं. आडवं झालं की सहा तोफांची तोंडं पडावावर. पडावावर आवडी.

आमच्या खाडीत डाव्या हाताला चिखलाची एक लांब पट्टी आहे. भरतीला दिसत नाही, ओहोटीला दगा देते. एकदा तिच्यावर बसलं की पुढची भरती येईपर्यंत उठायचं नाव नाही, म्हणून तिला सासूची मांडी म्हणतात. दोन वर्षं मी म्हशीला तिच्यापासून हातभर लांब ठेवलं होतं. अरकाट्याची अब्रू ती तेवढीच. माझा बाप अरकाटी, आजा अरकाटी, तिघांच्या हातून मिळून एक होडगंसुद्धा कधी टेकलं नव्हतं.

मी खाडीदेवाला हात जोडले, बापाची माफी मागितली आणि सुकाणू डावीकडे दाबलं.

म्हैस जाऊन मांडीवर बसली. आधी एक लांब कण्हल्यासारखा आवाज आला, मग खाली कुठेतरी लाकूड मोडलं. सुकाणू माझ्या हातात सैल पडलं. पाणी उतरत गेलं तशी म्हैस हळूहळू कुशीवर कलली. ह्या बाजूच्या सहा तोफा आभाळाकडे बघू लागल्या, त्या बाजूच्या सहा चिखलाकडे. स्वयंपाक्याची हंडी घरंगळत गेली आणि तिच्यामागे स्वयंपाकी. इलकाकाची टोपी चिखलात पडली. एक खेकडा येऊन तिच्याभोवती फिरून गेला.

इलकाका डोलकाठीला धरून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. “अरकाटी. ये क्या किया?”

“ओहोटी, साहेब,” मी म्हणालो.

मग त्याने तोंड फिरवलं आणि त्याचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडतोय. बिचाऱ्याचं जहाज गेलं, चाचे आले, रडेल नाही तर काय. पास्कोलही तोफेवर डोकं टेकून पडला होता. तोही रडतोय असं मी धरून चाललो.

पडाव येऊन टेकला. रायाजी बंदूक खांद्याला अडकवून वर चढला, कलत्या फळ्यांवर पाय रोवून उभा राहिला आणि सगळीकडे पाहून म्हणाला, “ह्या काय रे जावया? तू बोलवलस म्हणान इलंव, आनी जहाज असा निजवन ठेवलास?”

मी कधी बोलावलं हे विचारायची ती वेळ नव्हती. सासरा शिव्या देत नाहीये, एवढ्यावरच मी तृप्त होतो.

तेवढ्यात इलकाका पुढे आला. त्याने कमरेची तलवार म्यानासकट सोडली, दोन्ही हातांवर आडवी धरली आणि मान लववून रायाजीपुढे केली. मी लगेच ओळखलं. टोपीकरांची ही रीत मला ठाऊक होती. हरलेला कप्तान जिंकणाऱ्याला तलवार देतो. रायाजीला मात्र ती रीत ठाऊक नव्हती.

“काय म्हणता तो?”

माझ्या डोक्यात वीज चमकली. “तो म्हणता, जावयाक आहेर.”

रायाजीने तलवार घेतली, पातं थोडं बाहेर ओढून अंगठ्याने धार पाहिली. “माणूस बरो दिसता,” म्हणाला.

“क्या बोला?” इलकाकाने विचारलं.

“बोला, आप की जान बख्श दी. लेकिन यहीं मुझ से बेटी की शादी करेगा. उस का रिवाज है.”

इलकाकाचे खांदे पुन्हा हलले. “ठीक है,” तो म्हणाला. “करने दो शादी.”

दोन माणसं समोरासमोर उभी, दोघांना मी दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतोय आणि दोघं माना डोलावताहेत. त्या घटकेला मला माझ्या अकलेचा इतका अभिमान वाटला की लग्नाचाही वाटला नाही.

मुहूर्त दुपारचा होता. किनाऱ्यावर जायला तिथे कमरेएवढा चिखल, तेव्हा लग्न म्हशीच्या पाठीवरच लागलं. सगळं वऱ्हाड एका अंगाला झुकून उभं. मधला अंतरपाट तिरका. भटजींनी एक हात दोरखंडाला गुंडाळला होता आणि दुसऱ्याने ते पोथी सांभाळत होते. इलकाकाने नवरीच्या डोक्यावर छत्री धरली तेव्हा भटजी म्हणाले, “म्लेच्छाची छत्री चालायची नाही.”

“मगे तुमी धरा,” रायाजी म्हणाला. “दोरखंड सोडा नि धरा.”

भटजींनी शास्त्र आठवून पाहिलं. छत्री चालते असं निघालं.

अंतरपाटाच्या पलीकडून आवडीचा आवाज आला, हळू. “जहाज चिखलात कित्याक घातलास?”

“तुज्यासाठी.”

“मिया काय चिखलात रवतंय?”

संसारात तिने मला विचारलेला तो पहिला प्रश्न. त्याला उत्तर नव्हतं. पुढच्याही बहुतेकांना नव्हतं.

अक्षता टाकल्या त्या डोक्यावर कमी पडल्या आणि घरंगळत चिखलात जास्त गेल्या. खाली मासे टपूनच होते. मध्येच रायाजी कप्तानाची खोली बघायला म्हणून आत गेला. भिंतीवर चित्र होतं. तो बाहेर आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

“साहेबान माजा चित्र लावल्यान,” तो मला म्हणाला. “आमच्या सख्ख्या भावान कदी पाट नाय दिल्यान बसाक. आनी ह्येना माजा चित्र लावल्यान.”

सप्तपदी सुरू झाली तोवर भरतीचं पाणी चढलं होतं. सातव्या पावलाला म्हशीने अंग हलवलं, एक हिसका दिला आणि ती उठून उभी राहिली. सगळं वऱ्हाड एकमेकांच्या अंगावर कोसळलं. आवडी माझ्या अंगावर पडली. पास्कोलने बाराही तोफा एकामागून एक उडवल्या. डोंगरापर्यंत आवाज गेला. भरलेल्या तोफांतले गोळे त्याने कधी काढले, हे मला विचारायचं सुचलं नाही. बायको अंगावर असताना तोफांचं कोणाला सुचतं?

वऱ्हाड परत गेलं तेव्हा इलकाकाने मला एकट्याला बोलावलं. सुकाणू मोडलं होतं, बुडातली एक फळी फुटली होती. तो कागद पुढ्यात घेऊन बसला होता, लिहीत मात्र नव्हता. भिंतीवरचं चित्र काढून ठेवलं होतं. हसणं पार मावळलं होतं.

“तुम घर जाओ,” तो म्हणाला. “अभी. बंदर पे मत दिखना. कोई पूछे, तो बोलना तुम अरकाटी नहीं.”

मला चपराक बसल्यासारखं झालं. नोकरी गेली, त्याचं दुःख नव्हतं. पण मी अरकाटी नाही असं त्याने म्हणावं हे फार लागलं. मी मुजरा केला. त्याने हात हलवला, तो नुसता जा म्हणून की आणखी कशासाठी, ते कळलं नाही. पंधरा दिवसांत सुकाणू दुरुस्त करून म्हैस आखातात गेली. मी कातळीच्या डोंगरावरून पाहिली. दुसरा कोणी अरकाटी तिला नेत होता आणि सासूच्या मांडीच्या जरा जास्तच जवळून नेत होता. मी तिथूनच त्याला शिव्या दिल्या.

पुढे मी सासऱ्याच्या पडावावर काम केलं. ती तलवार घरात होती. पहिल्या वर्षी खुंटीला टांगली. दुसऱ्या वर्षी आवडीला कळलं की फणस कापायला तिच्यासारखी वस्तू नाही. विळीला चीक लागतो, वेळ लागतो. ह्या पात्याला खोबरेल लावलं की एका घावात दोन फाका. मग ती तलवार स्वयंपाकघरातच राहू लागली. लोकांना मी सांगायचो, टोपीकरांच्या कप्तानाने शरण येऊन दिलेली तलवार. आणि त्या दिवशी दोघांना कसं बनवलं, ते तर दर शिमग्याला सांगायचो. लोक हसायचे. सगळ्यात जास्त मी हसायचो.

सात वर्षांनी एका दुपारी पास्कोल अंगणात येऊन उभा राहिला. केस पांढरे, अंगावर नुसती हाडं. आवडीने त्याला पाणी दिलं, फणस कापायला घेतला. पास्कोलने पात्याकडे पाहिलं.

“ही काकाची.”

“काका कसो आसा?” मी विचारलं.

“गेलो. बसऱ्याक. पयल्याच उन्हाळ्यात, तापान.” तो एक घोट पाणी प्याला. “तेचो भाव पण थंयच गेल्लो. आदी. म्हणान काकाक आखातात जावचाच नव्हता.”

माझ्या डोळ्यांसमोर तो उतरलेला चेहरा आला, पहिल्या हुकुमाच्या दिवशीचा. मी म्हणालो, “मगे माजो हैबत्या तेका बरोच पडलो म्हणायचो. बिचाऱ्याक शेवटपर्यंत कळला नाय.”

पास्कोलने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. “धाकज्या,” तो म्हणाला, “तुजो सासरो तुका बघूक बंदरावर इल्लो, आठवता? चित्र काडल्यार म्हयन्याभरान. काकान दुर्बिणीतसून बघल्यान तेका. मगे खोलीत गेलो, चित्र बघल्यान, नि अर्धो दिवस हसा होतो. जहाजावरच्या चाळीस माणसांक ठावक होता. तुका सोडून.”

मी खाली बसलो.

“मगे सुट्टी कित्याक नाय दिल्यान?”

“मजा करूची होती तेका. माज्याकडे तुज्या नावान सांगावो धाडल्यान रायाजीक. सुट्टी नाय, तुमीच नवरी घेवन येवा, जहाजावर लगीन लावया. रायाजी सुरे लावी होतो ते बकऱ्यांसाठी. तोफांत गोळो नव्हतोच, नुसती दारू. पडाव जवळ इलो की जहाज आडवा घालून बारा तोफांची सलामी देवची, असा ठरल्ला. तुजा त्वांड कसा होता ता बघूचा होता सगळ्यांक.”

आवडीच्या हातातली तलवार फणसातच राहिली होती.

“आनी ही?” मी विचारलं.

“आहेरच होतो. तुया रायाजीक सांगलस ता अगदी खरा सांगलस.”

मला हसावं की काय करावं कळेना. सात वर्षं ज्या गोष्टीवर मी गाव हसवलं होतं, त्या गोष्टीतला गाढव मीच होतो. पण पास्कोल हसत नव्हता. त्याने मुंडाशातून एक घडी काढली. कोळशाचं चित्र, कडा झिजलेल्या. “लढाऊ जहाज मुद्दाम चिखलात घातल्यार काय करतत, तुका ठावक आसा?”

“फाशी.”

“म्हणान तेना वर कळवल्यान, हैबत्यान हल्लो केलो. गोळी लागान अरकाटी सुकाणावर मेलो, म्हणान जहाज बसला. मगे आमी हैबत्याक पडावासकट बुडवलो. अरकाटी मेल्लो, म्हणजे फाशी देवक कोण नाय. पण हैबत्या पण मेलो. मगे वरच्यांनी म्हटल्यानी, आता हय चाचो नाय, जहाज आखातात धाडा.” त्याने चित्र माझ्या मांडीवर ठेवलं. “मिया म्हटलंय, काका, हैबत्याक जगव, पळालो म्हणान लिही. तो म्हणालो, जितो ठेवलो तर वरचे चौकशेक येतले, गावात विचारतले, नि अरकाटी पण जितो गावतलो.”

घरी जा. बंदरावर दिसू नकोस. कोणी विचारलं तर सांग, तू अरकाटी नाहीस.

मी त्या वाक्यावर सात वर्षं रुसून बसलो होतो. माझ्या बायकोवर जी तोफ कधी सुटणारच नव्हती, तिच्यापासून मी तिला वाचवलं, आणि त्या शहाणपणाची भरपाई काकाने बसऱ्याला जाऊन केली. मला मोठ्याने रडू आलं. पास्कोल माझ्या पाठीवर हात ठेवून बसला. मुलं घाबरून आईला चिकटली.

त्या संध्याकाळी मी तलवार घासली, चीक काढला, तेल लावून पुसली आणि देवघरात ठेवली. आता हिला कोणी हात लावायचा नाही, असं घरात सांगितलं.

आवडीने चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवशी दुसरा फणस पिकला. ती देवघरात गेली, देवाला नमस्कार केला आणि तलवार उचलून बाहेर आली.

“अगो, काय करतस?” मी म्हणालो.

“आहेर दिल्लो ना तेना? मगे आहेराची वस्तू वापरूची नाय तर काय पुजूची?” तिने एका घावात फणस फोडला, पहिला गरा काढून माझ्या हातात दिला. “ह्यो काकाचो. खाडीत नेवन टाक.”

मी मेलेला माणूस तो गरा घेऊन खाडीवर गेलो. ओहोटी लागली होती, सासूची मांडी उघडी पडायला आली होती. गरा टाकला तो खाली पोचायच्या आत माशांनी पळवला. काका बघत असता तर त्याचे खांदे हलले असते. तेव्हापासून दर वर्षीचा पहिला गरा त्याचा आहे. गेल्या वर्षी नातवाने विचारलं, ज्याला आपण गरा देतो तो कोण होता? मी सांगितलं, आपल्या घरचा वडीलधारा होता. त्याने माझं लग्न लावलं.